रस्त्यावर सांडलेला चीक

माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोलत नाही. आमच्या पनवेलकडे भावाबहिणीत अबोला आहे म्हटलं की लोक आधी जमीन विचारतात. बहिणीने हक्कसोडावर सही केली नसेल, प्लॉटमध्ये वाटा मागितला असेल, असं काहीतरी. मी सांगते की जमीन केव्हाच सेक्टरांत गेली, आमच्या भातखाचरांवर आता इमारती आहेत आणि त्यांच्याखाली मोमोची गाडी लागते. आमचं वाजलं ते घोडीच्या दुधावरून. हे ऐकून लोक हसतात. मी हसत नाही असं दिसलं की मुलांच्या अभ्यासाची चौकशी करतात.

बाबांचा टांगा होता. रिक्षा आल्या तसे पनवेलचे टांगे गेले, पण बाबांच्या हातून घोडं काही सुटलं नाही. ते वरातीच्या धंद्यात शिरले. जुन्या गावठाणात, गाढी नदीच्या अंगाला आमचं घर आणि घराला लागून पत्र्याचा तबेला. बाबा गेले तेव्हा तबेल्यात दोन जनावरं उरली होती. एक पांढरी घोडी, जिच्यावर नवरदेव बसायचे. दुसरा म्हातारा तांबडा घोडा, खच्ची केलेला, तरुणपणी टांग्याला होता आणि आता फुलांनी मढवलेली बग्गी ओढायचा. दोन्ही दादाकडे राहिली, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे. मी लग्न होऊन कामोठ्याला आले होते आणि तिथल्याच एका खासगी प्रसूतिगृहात नर्स होते. अजूनही आहे.

माझं निम्मं आयुष्य एकच वाक्य बोलण्यात गेलं आहे: चीक फेकू नका. बाळ झालं की पहिल्या तासात अंगावर घ्या, ते पहिलं घट्ट पिवळं दूधच त्याचं खरं औषध. हे मी आगरी सुनांना सांगितलं, पुण्याहून बदलून आलेल्या बँकेतल्या मॅडमना सांगितलं, कोळीवाड्यातल्या पोरींना सांगितलं. प्रत्येकीच्या खाटेशी एक सासू किंवा मावशी असतेच, जिला ते दूध नासकं वाटतं. कोणी ते कापसावर पिळून काढते, कोणी बाळाच्या तोंडात मधाचं बोट घालते. अशी बोटं मी हाताला धरून बाहेर काढलेली आहेत. वॉर्डात मला मागे खाष्ट म्हणतात ते मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही.

तर असल्या बाईच्या माहेरी हे घडलं.

पांढरी गाभण होती. दादानेच हौसेने चांगला घोडा बघून तिला भरवून आणलं होतं. तिच्यानंतर तबेल्यात तिचीच पांढरी पोर असावी असं त्याच्या मनात होतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. पण दिवस भरत आले ते नेमके लग्नसराईत. बाबांचा नियम होता की घोडीचं पोट दिसायला लागलं की तिच्या पाठीवर माणूस चढवायचा नाही, मग दारी कोणी का येईना. दादाने तो नियम बाबांबरोबरच सरणावर ठेवला असावा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "नवरदेव काय पैलवान हाय? मांडवापासून देवलापर्यंत तर जायचं."

वैशाखात एका संध्याकाळी मी माहेरी गेले होते. शेजारच्यांची म्हैस व्याली होती, वहिनीने त्यांच्याकडून चीक आणून खरवस केला होता. वेलदोडा, जायफळ, गूळ, सगळं मापात. मी वाटी घेऊन तबेल्याच्या दारात उभी राहून खात होते आणि खाताखाता पांढरीकडे लक्ष गेलं. तिची कास तटतटली होती. सडांना पिवळट मेणासारखे मणी लागले होते आणि त्यातून थेंब सुटत होते. मागच्या दोन्ही पायांवर आतून वाळलेले चिकट ओघळ होते, म्हणजे हे आजचं नव्हतं. मी वाटी खाली ठेवली.

"दादा, हिचा चीक गलतोय."

"पान्हा फुटलाय तिला," तो कौतुकाने म्हणाला. "व्यायला झाली."

"अरे, पन शिंगरू यायच्या आधीच सगला गलून गेला तर?"

"गलतोय म्हंजे भरपूर हाय. रिकाम्या टाकीतून कधी पानी गललं का?"

दादाला असं काहीतरी लगेच सुचतं. ऐकणारा गप्प बसतो आणि दादाला वाटतं आपलं पटलं. मी तिथूनच घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या आमच्याकडे धनुर्वाताच्या सुया द्यायला यायच्या, जनावराशी आणि माणसाशी सारख्याच कोरडेपणाने बोलायच्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: रंग कसा आहे, आणि किती दिवस गळतंय. मग म्हणाल्या, "तिला कामावरून बंद करा. का गळतंय ते मला येऊन बघावं लागेल, कधी आत संसर्ग असतो, कधी काहीच कारण सापडत नाही. पण ते दूध वाया घालवू नका. सडं धुऊन स्वच्छ बाटलीत काढा आणि फ्रीझरमध्ये टाका. पिल्लू झालं की कोमट करून पाजायचं."

मी तसंच्या तसं सांगितलं. वहिनीने फ्रीझकडे बघितलं, मग देव्हाऱ्याकडे बघितलं. फ्रीझमध्ये खरवसाचं पातेलं होतं. म्हशीच्या रेडकाच्या वाट्याचा चीक आमच्या फ्रीझमध्ये चालत होता, घोडीचा चालणार नव्हता. दादा म्हणाला, "घरात देव हायत." मी स्वतः बाटली घेऊन गेले तर पांढरीने लाथ घातली. ती दादाशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नसे. मांडीवरचा निळा डाग बरेच दिवस होता, तो मी कोणाला दाखवला नाही.

पुढचं लग्न आमच्या नात्यातलंच होतं, पलीकडच्या गावात, त्यामुळे मीही होते. मांडवाच्या दारात वरात थांबली. धवलं गाणारी म्हातारी, म्हणजे आमच्याकडे लग्नातले सगळे विधी गाण्यातून चालवणारी मानाची बाई, नवरदेवाला ओवाळायला पुढे आली. तिची नजर खाली गेली. पांढरीच्या सडांतून धार लागली होती, वरातीतल्या बँजो पार्टीच्या दणक्याने असेल, नाहीतर तिला कळा सुरू व्हायच्या असतील. म्हातारीने दोन्ही हात जोडले.

"पान्ह्याची घोडी आली गं दारान! लक्ष्मी हाय ही. ज्याच्या दारान पान्हा पडतो त्याचा पालना हलतो."

तिने एक थेंब बोटावर घेतला आणि नवऱ्याच्या कपाळाला लावला. मग चिमूटभर कुंकू घेऊन घोडीच्या कासेला लावलं. बायकांनी धक्काबुक्की करून पुढे यायला सुरुवात केली. ज्यांच्या सुनांना मूल होत नव्हतं त्या सुनांना पुढे ढकललं गेलं. पोरांनी मोबाइल वर धरले. मी गर्दीतून ओरडत होते, तो पिल्लाचा चीक आहे, पण बँजोपुढे माझा आवाज कोणाला ऐकू जाणार. म्हातारीवर माझा आजही राग नाही. तिने जन्मभर प्रत्येक गोष्टीत बरं बघायचंच काम केलं. माझा राग दादावर आहे, कारण त्याच्या हातात लगाम होता आणि तो हसत होता.

ती व्हिडिओ क्लिप गावोगाव फिरली. कामोठे, कळंबोली, पार उरणपर्यंत. दादाला फोन येऊ लागले की पान्ह्याचीच घोडी पाहिजे. धंदा कधी नव्हता असा चालला. आधी तो वरातीपूर्वी पांढरीला खरारा करून पाय स्वच्छ धुवायचा. आता तो मागचे पाय धुवेनासा झाला, ओघळ दिसावेत म्हणून. मी पुन्हा एकदा म्हटलं की डॉक्टरीणबाई सांगतात तसं दूध काढून ठेवू दे, निदान थोडं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काढून घेतलं तर वरातीत गलेल कुठून?"

हे वाक्य मी विसरले नाही. त्याला ते बोलताना जराही अवघड वाटलं नव्हतं.

पांढरी व्याली ती एका पहाटे, कोणाच्या मदतीशिवाय. सकाळी दादाचाच फोन आला, आनंदात. मी ड्यूटीवर जायच्या आधी धावत गेले. काळपट रंगाचं शिंगरू, अंगापेक्षा पाय लांब. पांढरी होणारी शिंगरं जन्मतः काळीच असतात म्हणे. ते चार पायांवर उभं होतं, पडत होतं, पुन्हा उभं राहत होतं, आणि आईला शोधत शोधत शेवटी लुचायला लागलं. शेपटीचा झुबका आनंदाने हलत होता.

"बघ, पितंय," दादा म्हणाला. "तुजी डॉक्टरीन उगाच घाबरवते."

मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू. आपलं चुकलेलं बरं, असं वाटलं. मी वाकून बघितलं. शिंगराच्या ओठांना लागलेलं दूध पांढरंशुभ्र आणि पातळ होतं, चहाला घेतो तसं. घट्ट पिवळं काही नव्हतं. ते सगळं रस्त्यावर होतं, मांडवांच्या दारात, नवरदेवांच्या कपाळांवर.

मी दादाला न विचारता डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. शिंगराची बेंबी बघितली, हिरड्या बघितल्या, रक्त घेतलं आणि त्यातलं थोडं गाडीतल्या किटवर तपासलं. मग तबेल्याच्या पायरीवर बसून आम्हाला समजावलं. त्या एवढं कधी बोलत नसत.

त्यांनी सांगितलं ते असं. माणसाचं बाळ आईच्या पोटात असतानाच वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, थोडी शिदोरी घेऊन येतं. आईने जन्मभर जे जे आजार पचवले त्यांच्याशी लढणाऱ्या अँटिबॉडी त्याच्या रक्तात आधीच उतरलेल्या असतात, म्हणून एखाद्या बाळाला चीक मिळाला नाही तरी ते बहुधा निभावून नेतं. घोडीची वार वेगळी. तिच्यातून हे काही पलीकडे जात नाही. शिंगरू जन्मतं ते रक्तात जवळजवळ काहीच न घेता. जे काही मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसात. तेवढाच वेळ त्याच्या आतड्याची दारं उघडी असतात, नंतर मिटतात. मग बादलीभर चीक पाजला तरी तो पोटात राहतो, रक्तात शिरत नाही. शिंगराच्या अंगात लढणाऱ्या पेशी असतात, पण शत्रू कोणता ते दाखवणारं कोणी नसलं की त्यांना फारसं काही करता येत नाही. स्वतःच्या अँटिबॉडी पुरेशा तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर शेणातले, मातीतले, जिभेवरचे साधे जंतू बेंबीतून नाहीतर पोटातून रक्तात जातात आणि सांध्यांत जाऊन बसतात.

"हिच्या पिल्लाच्या रक्तात आईचं काहीही नाही," त्या म्हणाल्या. "शून्याच्या जवळ."

मी इतकी वर्षं चिकाचं कीर्तन करत आले होते, पण माणसाच्या बाळाला एवढी सवलत आहे आणि शिंगराला अजिबात नाही, हे मला तेव्हा कळलं.

"आता?" दादाने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी म्हाताऱ्या तांबड्याकडे बोट केलं. तो कोपऱ्यात एक पाय ढिला सोडून डुलक्या काढत होता. लहानपणी त्याच्या गळ्याखाली गाठ येऊन फुटली होती, बाबांनी कडुनिंबाच्या पाण्याने धुऊन ती बरी केली होती. एकदा खिळा खुरात गेला, एकदा ट्रकचा पत्रा खांद्याला लागला. पनवेलच्या गटारांतून, उकिरड्यांतून, धुळीतून तो आयुष्यभर चालला होता. आणि काही झालं नाही त्याला. त्याच्या रक्ताला इथला एकेक जंतू ओळखीचा आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याचं रक्त काढायचं, पिशवीत भरून स्थिर ठेवायचं, लाल भाग खाली बसला की वरचं पिवळं पाणी शिंगराच्या शिरेतून द्यायचं. तयार प्लाझ्मा इथे मिळत नाही, पुण्याहून मागवून येईपर्यंत उशीर होईल. हा घोडा इथे आहे, धडधाकट आहे. फक्त रक्त दिल्यावर आजचा दिवस त्याला कामाला जुंपायचं नाही.

दादाचा चेहरा पडला. "आज बग्गी हाय," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आज नवीन पनवेलला बग्गी हाय. शब्द दिलाय. उद्या सकाली काढा ना रक्त, किती पाहिजे तेवढं काढा."

"आज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या कदाचित कामाचं नसेल."

"पन ते तर चांगलं हाय! बघा, उभं हाय, पितंय."

ते उभं होतं, हे खरं. फक्त मागच्या एका गुडघ्याला हात लावला की ऊन लागत होता, आणि ते लुचता लुचता मध्येच थांबून डोळे मिटत होतं. मी दादाला काय काय म्हटलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. हात जोडले, मग शिव्या दिल्या. बाबांची आण घातली. म्हटलं, नवरा रिक्षातून जाऊ दे, तुझ्या बग्गीवाचून लग्न मोडत नाही. वहिनीलाही म्हटलं, तू तरी बोल. वहिनी म्हणाली, "शब्द दिलाय त्यांनी." घोडा दादाचा होता. मालक नाही म्हणत असताना डॉक्टरीणबाई त्याचं रक्त कसं काढणार. त्या पिशवी उचलून गेल्या, शिंगराला अँटिबायोटिकची सुई तेवढी देऊन.

संध्याकाळी तांबड्याच्या डोक्याला तुरा बांधून दादा त्याला घेऊन गेला. मी रजा टाकून तबेल्यात बसले. दिवेलागणीला शिंगरू आडवं झालं. पांढरी वाकून त्याला हुंगायची, नाकाने ढोसायची, ते उठायला बघायचं आणि मागचा पाय टेकवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तीन सांधे सुजले होते आणि बेंबी ओली होती. आता दादा धावपळ करत होता. त्यानेच तांबड्याची मान धरली, त्यानेच पाणी तापवलं. रक्त पिशवीत उतरलं आणि बघता बघता खाली बसायला लागलं. घोड्याचं रक्त लवकर बसतं म्हणे. तुरीची डाळ खाली बसून वर निवळ यावी तसं पिवळं पाणी वर आलं. म्हातारा घोडा रक्त देऊन शांतपणे गवत खात उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी शिंगराच्या मानेत सुई लावली आणि ती पिवळी धार थेंबाथेंबाने आत जायला लागली. दादा शिंगराचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते मी बघितलं आहे. त्याला राक्षस ठरवता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी शिंगराने डोकं उचललं. माझं बोट तोंडात घेतलं आणि चोखलं, चांगलं जोरात. वहिनीने देवापुढे नारळ ठेवला. मी घरी फोन करून नवऱ्याला सांगितलं की वाचतंय.

दुसऱ्या दिवशी ते मेलं. वरातीमागून घोडं, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घरी ती अक्षरशः तशीच घडली, वरात झाल्यावर घोडा आला. आणखीही एक म्हण आहे, ओझ्याने घोडं मेलं आणि हेलपाट्याने शिंगरू. बाबा ती उठता बसता म्हणायचे. हे शिंगरू तर हेलपाटे जन्मायच्या आधीच घालत होतं, आईच्या पोटात, बँजोच्या तालावर. नदीच्या कडेला खड्डा खणला. वहिनी म्हणाली, "नशीबच नव्हतं त्याचं." मी म्हटलं, नशिबाला कशाला मध्ये आणतेस, नशीब काय बग्गी घेऊन गेलं होतं का.

तिथेच हे संपलं असतं. मी माहेरी जाणं कमी केलं असतं, दादाने चार महिन्यांनी फोन केला असता, भाऊबीज झाली असती. आमच्याकडे असंच होतं, माणसं विसरतात.

पण दोन-तीन दिवसांनी मी ड्यूटी संपवून प्रसूतिगृहाच्या फाटकातून बाहेर पडत होते आणि समोरून वरात आली. कामोठ्याची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना क्लासच्या पाट्या, रिक्षा अडकलेल्या. पुढे बँजो, मागे बायका, आणि मध्ये पांढरी. अंगावर जरीची झूल, पायांना घुंगरू, कपाळावर गोंडा. लगाम धरून दादा, डोक्याला गुलाबी फेटा. पांढरीची कास दगडासारखी झाली होती. पिणारं कोणी नव्हतं, त्यामुळे आता थेंब नव्हते, दोन्ही सडांतून धार चालली होती, तिच्या घुंगरांवरून डांबरावर. लोक वाट सोडून बाजूला होत होते आणि वाकून त्या ओल्या डांबराला हात लावून डोळ्यांना लावत होते.

वरमाई ताट घेऊन पुढे आली. चांगल्या घरातली, जरीची साडी, माझ्याच वयाची. तिने कुंकवाची चिमूट घेतली आणि वाकली.

मी रस्ता ओलांडून तिच्यासमोर उभी राहिले. अंगावर नर्सचे पांढरे कपडे होते, त्यामुळे ती थांबली. मी ओरडले नाही. वॉर्डात बोलते त्या आवाजात, त्याच भाषेत बोलले.

"ताई, कुंकू लावू नका. हिचं पिल्लू परवा मेलंय. हे दूध त्या मेलेल्या पिल्लाचं आहे."

आधी ताशा थांबला, मग एकेक करून बाकीचे. वरमाईचा हात तसाच हवेत राहिला आणि मग तिने तो पदराला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. कोणीतरी नवऱ्याला हात धरून खाली उतरवलं. एक म्हातारा म्हणाला, "सुतकातली घोडी आणली की काय रे?" दादाने माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "तू माजी बहीन हायस का कोन हायस?" आणि लगाम वळवून निघाला. नवरदेव पुढे कोणाच्या तरी मोटारीतून गेला.

ही क्लिपही गावोगाव फिरली, आधीच्यापेक्षा वेगाने. दादाची सगळी कामं गेली. पान्ह्याची लक्ष्मी एका दिवसात पांढऱ्या पायाची झाली. मुलं गेलेल्या बायकांना म्हणतात ते सगळं तिला म्हणून झालं. दादाने चुलत्यांना सांगितलं, ही बहीण नाही, वैरीण आहे, हिने माझ्या पोटावर पाय दिला.

दिला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. मला खंत वेगळीच आहे, आणि ती रागाइतकीच कडू आहे. मी चीक म्हणून ओरडले तेव्हा कोणी ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी आतडी, रक्त, अँटिबॉडी सगळं उलगडून सांगितलं, तेही नाही ऐकलं. मेलेल्या पिल्लाचं दूध म्हणून मी अपशकुन दाखवला मात्र आणि अख्खी गल्ली गप्प झाली. ज्या खुळ्या समजुती मोडायला मी रोज वॉर्डात घसा कोरडा करते, त्यातलीच एक मला हातात घ्यावी लागली, आणि तीच चालली. तेव्हापासून एखादी सासू मधाचं बोट घेऊन आली की मला एक मोह होतो. तिला सांगावं, मध दिला की वंश खुंटतो. एका दमात ऐकेल. अजून सांगितलेलं नाही.

दादा आता वरातीला उघडी मोटार भाड्याने देतो. मोटार गाभण राहत नाही.

त्या प्रसंगानंतर मी तबेल्यात एकदाच गेले, दुपारी, दादा बाहेर असताना. वहिनीने दार उघडलं आणि बाजूला झाली. ऐन लग्नसराई होती, बाहेर कुठेतरी बँजो वाजत होता, आणि पांढरी घरी होती. अंगावर झूल नव्हती, पायांत घुंगरू नव्हते. बाबा गेल्यापासून वैशाखात तिला सुट्टी अशी पहिल्यांदाच मिळाली होती. म्हातारा तांबडा शेजारी डुलक्या काढत होता. पांढरी मात्र तिच्या जागेवर उभी नव्हती. दोर ताणून ती कोपऱ्यात जाऊन उभी होती, जिथे शिंगरू आडवं झालं होतं तिथे, मान खाली घालून.

"तिथून हलतच नाय," वहिनी म्हणाली. "आटेल आता चार दिवसांत."

दूध खाली टपटपत होतं, त्याच जागेवर. जमीन ओली झाली होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या. ताट घेऊन कोणी आलेलं नव्हतं.